पाळक ओबर्लिन आणि शेगडीभोवतीची मुले



मंडळीतील मुलांस पवित्र शास्त्रातील गोष्टी कोणी व कशा शिकवाव्यात, हा प्रश्न खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत वरचेवर निघतो, आणि बहुधा उत्तर न मिळताच पुन्हा झाकला जातो. पंचांची सभा भरते. वर्गणीचा हिशेब होतो. मंदिराच्या कौलांची डागडुजी ठरते. आणि लोक उठावयास लागले म्हणजे कोणास तरी मुलांच्या वर्गाची आठवण होते. मग ज्याच्याकडे दुसरे काम नाही, त्याच्या गळ्यात तो वर्ग घातला जातो. आमच्याही हातून हे घडले आहे. म्हणून कोणास दोष देण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. सुमारे अडीचशे वर्षांमागे एका दरिद्री डोंगरी मुलखात एका पाळकाने हाच प्रश्न हाती घेतला, आणि साठ वर्षे होत आली तरी तो खाली ठेवला नाही. त्या पाळकाचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे मांडीत आहो.

योहान फ्रीडरिख ओबर्लिन ह्यांचा जन्म ३१ ऑगस्ट १७४० रोजी ऱ्हाइन नदीजवळील स्ट्रासबुर्ग शहरी झाला. हे शहर त्या काळी फ्रान्सच्या राजाच्या अमलाखाली होते. परंतु लोकांची घरची भाषा जर्मन होती. वडील तेथील विद्यालयात शिक्षक होते. पगार थोडा आणि मुले पुष्कळ, असा संसार होता. तरी त्या घरची एक रीत ध्यानात ठेवण्याजोगी आहे. संध्याकाळी सर्व मुले एका लांब मेजाभोवती बसत. वडिलांनी काढून दिलेली चित्रे मुले आपल्या हाताने उतरवून घेत, आणि त्यांचे हात असे गुंतलेले असता आई त्यांस चांगल्या पुस्तकांतून वाचून दाखवी. पुढे ओबर्लिन ह्यांनी जे काम उभारले त्याचे बी ह्या मेजाभोवती पडले, असे आम्हांस वाटते. हात कामात, कान वाचनाकडे आणि डोळे चित्रावर, ह्या तिन्ही गोष्टी त्यांनी कोणत्याही ग्रंथातून शिकण्यापूर्वी आईबापांच्या घरी अनुभविल्या होत्या.

ज्या मुलखात त्यांचे आयुष्य गेले तो मुलूख स्ट्रासबुर्गच्या नैर्ऋत्येस व्होज नावाच्या पर्वतात आहे. फ्रेंच भाषेत त्याला बां द ला रोश म्हणतात, आणि जर्मन भाषेत श्टाइनटाल, म्हणजे दगडांची दरी. वाल्डर्सबाख हे पाळकाचे गाव. त्याला जोडलेली बेलमाँ, बेलफॉस, फूदे व सोल्बाख ही चार गावे. आणि ह्या सर्वांची मिळून एक मंडळी. जमीन हलकी, हिवाळा लांब व कडक. बर्फ पडू लागले म्हणजे एका गावचा माणूस दुसऱ्या गावास जाऊ शकत नसे. रस्ता म्हणावा असा रस्ता नव्हता. पूर्वीच्या युद्धांत तो प्रदेश उजाड झाला होता, आणि मागे राहिलेले लोक बटाटे, थोडे धान्य व रानफळे ह्यांवर दिवस काढीत. बोलावयाची भाषा एक गावठी बोली. ती शुद्ध फ्रेंच जाणणाऱ्यासही कळत नसे, आणि फ्रेंच शास्त्र वाचून दाखविले तर गावकऱ्यांसही ते नीट कळत नसे.

ओबर्लिन ह्यांच्या पूर्वी तेथे श्टूबर नावाचे एक भले पाळक होऊन गेले. १७५० साली ते प्रथम वाल्डर्सबाखला आले, तेव्हा त्यांनी गावची शाळा पाहावयास मागितली. लोकांनी त्यांस एका मोडक्या झोपडीत नेले. आत पुष्कळ मुले दाटीवाटीने बसून गलका करीत होती. शिक्षक कोठे आहेत असे विचारता मुलांनी कोपऱ्यातील खाटेकडे बोट दाखविले. तेथे एक जर्जर म्हातारा पडून होता. तो काय शिकवितो असे पाळकांनी विचारले, तेव्हा आपण काहीच शिकवीत नाही असे त्याने सरळ सांगितले. कारण त्याला स्वतःलाच काही येत नव्हते. मग शिक्षक कसा झाला, ह्या प्रश्नाचे उत्तर त्याने तितक्याच भोळेपणाने दिले. पुष्कळ वर्षे तो गावाची डुकरे राखीत होता. वयामुळे ते काम झेपेनासे झाले, तेव्हा गावाने डुकरे दुसऱ्याच्या हवाली केली आणि ह्याला मुले राखावयास दिली.

वाचकहो, त्या म्हाताऱ्यास हसू नका. तो खरे बोलला, आणि त्याने गावाचे मन उघडे करून दाखविले. डुकरे राखण्यास अंगात ताकद असलेला मनुष्य लागतो, हे गावास कळत होते. मुलांस मात्र कोणीही चालेल, असा त्यांचा हिशेब होता.

श्टूबर ह्यांनी हा हिशेब बदलण्यास आरंभ केला. शाळामास्तर ह्या नावास त्या मुलखात इतकी हलकी किंमत आली होती की, चांगल्या घरचे आईबाप आपल्या मुलास ते काम करू देईनात. तेव्हा श्टूबर ह्यांनी ते नाव टाकून कारभारी ह्या अर्थाचे एक मानाचे नाव दिले, आणि मग तरुण पुढे आले. फ्रेंच भाषेतील पवित्र शास्त्राच्या पन्नास प्रती त्यांनी मिळविल्या. परंतु घरे अधिक आणि प्रती थोड्या. तेव्हा त्यांनी प्रत्येक प्रतीचे तीन भाग करून ते वेगवेगळे बांधविले. अशी दीडशे पुस्तके झाली, आणि ती घरोघर फिरू लागली. वचन लोकांच्या हाती पडावे म्हणून ग्रंथाची बांधणी सोडावी लागली तरी हरकत नाही, असा त्यांचा विचार असावा.

१७६७ साली श्टूबर ह्यांस शहरातील मंडळीचे पाचारण आले. आपल्यामागे ह्या डोंगरात राहील असा मनुष्य शोधीत ते स्ट्रासबुर्गमधील एका माडीवरील खोलीत गेले. तेथे सव्वीस वर्षांचे ओबर्लिन दाढदुखीने बेजार होऊन पलंगावर पडले होते. पलंगास कागदाचे पडदे होते, आणि वर टांगलेल्या दिव्याच्या ज्योतीवर एक लहानसे भांडे लोंबत होते. चौकशी करता कळले की, ओबर्लिन दुपारी आईबापांकडे जेवत. तेथून येताना भाकरीचा एक तुकडा आणीत. आणि पाणी, मीठ व तो तुकडा त्या भांड्यात घालून अभ्यासास बसत. रात्र होईतो दिव्याच्या उष्णतेवरच त्यांचे जेवण तयार होई. हे पाहून श्टूबर ह्यांची खात्री झाली की, दगडांच्या दरीस हवा तो मनुष्य हाच. ओबर्लिन ह्यांच्या मनात सैन्यातील पाळक होण्याचे होते. परंतु हे पाचारण त्यांनी स्वीकारले आणि त्याच वर्षी ते वाल्डर्सबाखला येऊन राहिले.

गावकऱ्यांस मात्र हा तरुण पाळक आवडला नाही. नवे काही करू पाहणारा मनुष्य म्हणजे नवा खर्च, असे त्यांस वाटले. एका रविवारी काही जणांनी त्यांस वाटेत गाठून मार देण्याचा बेत केला. ओबर्लिन ह्यांस ही वार्ता लागली होती. अन्याय सोशिकपणे कसा सहन करावा ह्या विषयावर त्या दिवशी त्यांनी उपदेश केला, आणि उपासना संपताच ती मंडळी ज्या घरी बसली होती त्या घरी ते एकटेच गेले. जे करावयाचे ते येथेच करावे, वाटेत दबा धरून बसण्याचा हलकेपणा करू नये, असे त्यांनी त्यांस सांगितले. मारावयास निघालेले लोक लाजले, आणि त्यांनी क्षमा मागितली.

शाळेचे घर बांधण्याचे काढले तेव्हाही विरोध झाला. ह्या घराच्या बांधणीचा वा दुरुस्तीचा भार गावावर पडणार नाही, असे वचन ओबर्लिन ह्यांनी बांधून दिल्यावरच लोक गप्प बसले. पाळकाचे स्वतःचे घर त्या वेळी मोडकळीस आलेले असून त्यात उंदरांचा सुळसुळाट होता. परंतु मुलांस घर मिळाल्याशिवाय आपणांस नवे घर नको, असा त्यांचा निश्चय होता. मित्रांकडून पैसा मागून त्यांनी एकेका गावी शाळा उभी केली, आणि पाळकाचे नवे घर त्यानंतर पुष्कळ वर्षांनी झाले. रस्त्याचेही असेच. बाहेरच्या जगाशी संबंध जोडण्यासाठी ब्रूश नदीपर्यंत रस्ता व नदीवर पूल बांधावा, असे त्यांनी सुचविले, तेव्हा हे होणे नाही असे सर्व म्हणाले. ओबर्लिन खांद्यावर कुदळ टाकून निघाले आणि एका सोबत्यासह दगड फोडू लागले. पाळकाच्या हातास फोड आलेले पाहून लोक एकेक करून आपली हत्यारे घेऊन आले.

आता आम्ही मुख्य गोष्टीकडे येतो.

शाळा झाल्या, परंतु शाळेच्या वयाखालची मुले तशीच राहिली. आईबाप दिवस उजाडताच शेतावर वा रानात जात. तीन, चार, पाच वर्षांची मुले दिवसभर गल्लीत वा घरात एकटी असत. ती शिव्या शिकत, चिखलात लोळत, आणि त्यांच्या कानी जी पडे ती सर्व गावठी बोली. सात वर्षांचे मूल शाळेत येई, तेव्हा शिक्षकाची पहिली काही वर्षे हे जुने विसरविण्यातच जात. ओबर्लिन ह्यांस ही अडचण दिसत होती. परंतु तिचे उत्तर प्रथम त्यांस सुचले नाही. ते एका खेडवळ मुलीस सुचले.

ती बेलमाँ गावची सारा बॅन्झेट. तिला लोकरीचे विणकाम येत होते. त्या मुलखात तेव्हा ही कला बहुतेकांस ठाऊक नव्हती. शेजारपाजारची मुले आपल्या घरी जमवून ती त्यांस सुया धरावयास शिकवू लागली, आणि शिकविता शिकविता त्यांस चांगल्या गोष्टी सांगू लागली. तिच्या बापास हे रुचले नाही. घरचे काम सोडून परक्यांची पोरे सांभाळण्यात मुलीचा वेळ फुकट जातो, अशी त्याची तक्रार होती. आणि गरीब मनुष्याच्या दृष्टीने ती तक्रार खोटी नव्हती. १७६८ साली ओबर्लिन ह्यांचा विवाह मादलेन सालोमे व्हिटर ह्या शिकलेल्या व सुशील बाईशी झाला होता. पतिपत्नींस साराचे हे काम कळले, तेव्हा त्यांनी तिची नुसती स्तुती केली नाही. १७६९ साली ओबर्लिन ह्यांनी तिला रीतसर करार करून पगारावर नेमले. बापाचा आक्षेप मिटला, आणि लहान मुलांस शिकविणे हे पगार देण्याजोगे, मान देण्याजोगे काम आहे हे गावास कळले. सारा १७७४ साली ऐन तारुण्यात वारली. परंतु तोपर्यंत तिच्यासारख्या आणखी मुली व बाया तयार झाल्या होत्या. बायको सालोमे त्यांस शिकवी आणि ओबर्लिन आपल्या खर्चाने मोठ्या खोल्या भाड्याने घेत. ह्या शिक्षिकांस मार्गदर्शिका असे नाव दिले होते.

त्या थंड प्रदेशात शेगडी असलेली खोली हीच घरातील उबेची जागा, आणि त्या खोलीसही शेगडी ह्याच नावाने ओळखीत. म्हणून ह्या लहान शाळांस लोक विणकामाच्या शेगड्या म्हणू लागले. एका शेगडीत शिरून पाहू. मुले वर्तुळ करून बसली आहेत. शिकविणाऱ्या बाया दोन. एक मुलांच्या हातांकडे पाहते; टाका सुटला तर उचलून देते, गुंता सोडविते. दुसरी बोलते, शिकविते, खेळविते. अगदी लहान मुलांनी केवळ खेळावे, आणि अधूनमधून थोडा वेळ शांत बसण्याची सवय करावी, एवढीच अपेक्षा. पाचसहा वर्षांची मुले विणतात, सूत कातितात, शिवतात. मुलगे आणि मुली असा भेद नाही.

हात थकू लागले की, दुसरी बाई चित्रे काढी. पवित्र शास्त्रातील प्रसंगांची व सृष्टीतील पशुपक्षी, वनस्पती ह्यांची ही रंगीत चित्रे होती. चित्र दाखवावयाचे, त्यात कोण आहे, काय करीत आहे, हे सांगावयाचे, आणि मग मुलांनी तेच आपल्या तोंडाने पुन्हा सांगावयाचे. हे सर्व शुद्ध फ्रेंच भाषेत चाले. त्यामुळे चित्र डोळ्यांपुढे असताच शब्द ओठांवर बसे, आणि पुढे तेच मूल पवित्र शास्त्र उघडी तेव्हा तेथील भाषा त्याला परकी वाटत नसे. जो मुलूख आपल्या बोलीमुळे देवाच्या वचनापासून दूर पडला होता, तो असा चित्राच्या पुलावरून त्याजकडे आला. मधूनमधून गीते होत. खोटे बोलू नये, शिवी देऊ नये, अंग व वस्त्र स्वच्छ ठेवावे, आईबापांचा मान ठेवावा, हे गोष्टींच्या ओघातच शिकविले जाई.

ओबर्लिन ह्यांनी आपल्या मुलखाचा नकाशा लाकडावर कोरून छापविला होता. मुले त्यावर प्रथम आपले गाव शोधीत, मग शेजारचे, मग फ्रान्स देश, मग युरोप. ज्या मुलाने आपल्या गावापासून आरंभ केला त्याला यरुशलेम व गालील ही जगातील खरी ठिकाणे आहेत हे समजावयास जड जात नाही. उन्हाळा आला म्हणजे बाया मुलांस घेऊन रानात जात. मुले फुले व पाने गोळा करीत, त्यांची नावे शिकत, ती वाळवून ठेवीत, पुढे त्यांची चित्रे काढून रंगवीत. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाचा हाही एक पाठच होता, असे आम्ही म्हणू. देवाने वनस्पती निर्माण केल्या हे वाक्य पाठ करणे सोपे. परंतु आपल्या हाताने खुडलेल्या पानाच्या शिरा न्याहाळून त्या कागदावर उतरविणारे मूल निर्माणकर्त्याच्या कामाजवळ अधिक वेळ थांबते.

एक सावधगिरी येथे सांगितली पाहिजे. विणकामापासून गरीब घरांस मिळकतही होत असे, आणि त्यात काही वाईट नव्हते. परंतु मुलांच्या बोटांतून पैसा काढण्यासाठी ह्या शाळा नव्हत्या. काम थांबवून चित्र, चित्रानंतर गीत, गीतानंतर फिरणे, असा क्रम असे. मुलाच्या हातास काम देणे आणि मुलास कामास जुंपणे ह्यांतील अंतर ओबर्लिन दांपत्यास ठाऊक होते.

हे सर्व मंदिराबाहेरच राहिले असे नाही. प्रभुवारी सर्व गावांतील मुले मंदिरात एकत्र येत. आठवड्यात शिकलेली गीते गात. पाठ केलेली वचने म्हणून दाखवीत. आणि पाळक त्यांच्याशी बापासारखे बोलत. वडील माणसांसही त्यांनी ह्याच रीतीने वागविले. शुक्रवारी जर्मन जाणणाऱ्यांसाठी ते शास्त्रवाचन करीत, तेव्हा बायांनी गरीब शेजाऱ्यांसाठी पायमोजे विणीत ऐकावे, अशी तेथील रीत होती. आणि दृढीकरणास येणाऱ्या प्रत्येक तरुणाने व तरुणीने आपण दोन झाडे लाविली आहेत, अशी आईबापांची चिठ्ठी आणावी, असा त्यांनी नियम केला. प्रश्नोत्तरे पाठ आहेत की नाहीत हे जसे पाळकांनी पाहावे, तसेच हातास माती लागली आहे की नाही हेही पाहावे, असे त्यांचे मत होते.

१७८३ सालच्या जानेवारीत सालोमे वारली. त्यांस नऊ मुले झाली होती. त्यांतील दोन आधीच गेली होती. सात आईवाचून राहिली. शेगड्यांचे काम आता बंद पडते की काय, अशी भीती होती. ते राखिले लुईझ शेपलर हिने. ही बेलफॉस गावच्या गरीब शेतकऱ्याची मुलगी. पंधरा वर्षांची असता ती पाळकाच्या घरी कामास आली, आणि सालोमेच्या हाताखाली मार्गदर्शिका झाली. भर हिवाळ्यात, बर्फ तुडवीत, ती एका गावाहून दुसऱ्या गावी मुलांस शिकवावयास जाई. त्यामुळे तिची प्रकृती कायमची खालावली. सालोमेच्या मरणानंतर घर, सात मुले आणि शेगड्या हे तिन्ही भार ह्या एकोणीस वर्षांच्या मुलीवर पडले. १७९३ सालच्या आरंभी तिने ओबर्लिन ह्यांस पत्र लिहून विनंती केली की, आपणांस ह्यापुढे पगार देऊ नये. चाकर न समजता मुलगी समजावे. तेव्हापासून ती त्या घरची मुलगी झाली.

त्याच वर्षी ओबर्लिन ह्यांचा वडील मुलगा लढाईत पडला. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीचा वणवा पेटला होता. उपासना बंद झाल्या. पाळकांचा छळ होऊ लागला. १७९४ साली ओबर्लिन ह्यांस पकडण्यात आले. परंतु राजधानीतील सत्ता पालटताच थोड्याच दिवसांत ते सुटले. विशेष हे की, त्याच वर्षी राष्ट्रीय सभेने त्यांच्या शिक्षणकार्याचा मानाने उल्लेख केला. ज्या सरकारने धर्माची दारे लाविली, त्यालाही ह्या डोंगरातील लहान मुलांकडे पाहून पाळकाची स्तुती करावी लागली.

ओबर्लिन ह्यांच्या सर्वच कल्पना अनुकरणीय होत्या असे आम्ही म्हणत नाही. स्वर्गातील निवासस्थानांचे त्यांनी नकाशे केले होते. माणसाच्या चेहऱ्यावरून व आवडत्या रंगावरून त्याचा स्वभाव ओळखण्याचा त्यांस छंद होता. परंतु ह्या विलक्षण गोष्टींतही तोच स्वभाव दिसतो. जे सांगावयाचे ते डोळ्यांस दिसेल व हातास लागेल असे करून सांगावे, ही त्यांची ओढ जन्मभर टिकली.

१८१९ साली फ्रान्सच्या राजाने त्यांस मानाचे पदक दिले. तोपर्यंत दगडांच्या दरीत चांगले बटाटे, फळझाडे, रस्ते व हातउद्योग आले होते, आणि दूरदूरचे लोक ती दरी पाहावयास येत. १ जून १८२६ रोजी, शहाऐंशीव्या वर्षी, ओबर्लिन प्रभूमध्ये निद्रिस्त झाले. फूदे येथील मंदिराच्या आवारात त्यांचे दफन झाले. लोकांची रांग वाल्डर्सबाखपासून फूदेपर्यंत लागली होती, आणि शेजारच्या गावांतील रोमन कॅथलिक लोकही तीत सामील झाले. जे मारावयास निघाले होते त्यांची नातवंडे त्या रांगेत असतील.

ओबर्लिन ह्यांनी मागे ठेविलेल्या पत्रात मुलांस सांगितले होते की, लुईझबाईस बहीण समजावे. मुलांनी मिळकतीतील वाटा देऊ केला. बाईने तो घेतला नाही. आपल्या नावास ओबर्लिन हे नाव जोडण्याची परवानगी तेवढी मागितली. १८२९ साली पॅरिस येथील फ्रेंच अकादमीने सद्गुणासाठी असलेले पाच हजार फ्रँकांचे पारितोषिक ह्या शेतकऱ्याच्या मुलीस दिले. १८३७ साली ती वारली. त्याच साली जर्मनीत फ्रोबेल ह्यांनी लहान मुलांसाठी ती संस्था काढली, जिला पुढे बालोद्यान हे नाव मिळाले व जिची कीर्ती जगभर झाली. स्कॉटलंडात न्यू लॅनार्क येथे ओवेन ह्यांची बालशाळा १८१६ साली निघाली होती. बेलमाँच्या साराने मुलांस सुया धरावयास शिकविले ते ह्या दोहोंच्या पुष्कळ आधी. वाल्डर्सबाखच्या पाळकाचे घर आज संग्रहालय झाले असून, त्यांच्या चित्रांचा, वनस्पतींचा व शिकविण्याच्या साहित्याचा संग्रह तेथे जपून ठेविलेला आहे.

बंधुभगिनींनो, आमच्या मंडळ्यांत शेगड्या नाहीत व लोकरही नाही. परंतु ह्या चरित्रातील एकही गोष्ट पैशावर अडलेली नव्हती. नदीकाठची माती सर्वांस फुकट आहे. कुंभाराची गोष्ट सांगण्यापूर्वी मुलांच्या हाती ती माती द्या. त्यांनी घडविलेले भांडे वाकडे झाले म्हणजे यिर्मया कुंभाराच्या घरी काय पाहून आला हे त्यांस सांगा. ज्वारीच्या ताटांचे तारू करता येते. मोशेची टोपली मुलांस स्वतः विणता येते. पेरणाऱ्याचा दाखला चार पत्रावळींत चार प्रकारची जमीन घालून व तीत खरेच दाणे पेरून शिकविता येतो, आणि पुढच्या प्रभुवारी मुले अंकुर पाहावयास धावत येतात. मात्र एक ध्यानात असू द्या. माती घडविणे हा पाठ नव्हे; पाठ गोष्टीत आहे. हात गुंतलेले असता बोलणारी दुसरी बाई नसेल, तर ती नुसती करमणूक होईल.

आणि ह्याहूनही मोठी गोष्ट अशी की, ओबर्लिन ह्यांनी पाळक असूनही हे काम एकट्याने केले नाही. मंडळीतील गरीब घरच्या, थोड्या शिकलेल्या, परंतु मुलांवर प्रीती करणाऱ्या मुली त्यांनी हेरल्या, त्यांस शिकविले, त्यांच्या कामास नाव, पगार व मान दिला. तुमच्या गावी अशी एखादी सारा आहे काय, हे पुढील सभेत पाहावे. मुलांच्या वर्गाचा विषय शेवटी, लोक उठू लागल्यावर काढू नये. वर्गणी व कौले ह्यांच्या आधी तो घ्यावा, आणि मंडळीतील जो मनुष्य वा जी बाई तुम्हांस इतर कामासाठी सोडवत नाही, तिच्याच हाती मुले द्यावीत.